साठ देशांत पास

“या देशात माणसाचा रंग कोणी बघत नाही!” हॉबर्ट स्नेलग्रोव्ह साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघत गर्जना केली.

“कट!” वॉशिंग्टनहून आलेला दिग्दर्शक कीटिंग म्हणाला. “फार छान. फक्त डोक्यावरची ती ‘गोऱ्यांसाठी’ची पाटी तेवढी काढा. चित्रात येतेय.”

पाटी काढली. तिच्यामागची भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा जास्तच पांढरी निघाली.

टेबलाच्या अलीकडे मोझेल टार्प्ली ताठ बसली होती. काळ्यांच्या वस्तीत तिचं बायकांचे केस करायचं दुकान होतं. मतदारयादीत नाव घालायला ती या कचेरीत चार वेळा येऊन गेली होती, आणि चारही वेळा काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, निवडून आलेले क्लार्क स्नेलग्रोव्ह यांनी तिला नापास केलं होतं. त्या काळी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात नाव घालायचं, तर राज्यघटनेचं एक कलम वाचून त्याचा अर्थ सांगावा लागे. तो बरोबर की चूक, हे क्लार्क ठरवत. शेवटच्या खेपेला मोझेलनं अर्थ इतका नीट सांगितला, की साहेबांना तो कळलाच नाही. म्हणून नापास. अख्ख्या हॅडली काउंटीत एकाही काळ्या माणसाचं नाव यादीत नव्हतं.

आज मात्र साहेबांनीच निरोप धाडला होता. अमेरिकेत लोकशाही कशी सुखानं नांदते, याचा चित्रपट सरकार काढत होतं. आफ्रिका, आशिया मिळून साठ देशांत तो दाखवायचा होता. रशियावाले तिथं नको नको ते सांगत फिरत होते. साहेबांना वाचता येणारी एक काळी बाई हवी होती. तशी एकच त्यांना ठाऊक होती. तिलाच त्यांनी चार वेळा निरक्षर ठरवलं होतं.

मागे रांग दिसायला हवी, म्हणून मोझेलनं दुकानातल्या आठ गिऱ्हाइकांनाही आणलं होतं. सगळ्या चर्चला जायच्या टोप्या घालून उभ्या होत्या.

“हे नाटक आहे हं,” साहेबांनी बजावलं. “मी म्हणणार, ‘मिसेस टार्प्ली, तुम्ही पास.’ तू सही करायची. मी शिक्का मारणार. मग घरी.”

“वही कुठली, साहेब?”

“घेऊ कुठली तरी कोरी.”

“छे, छे!” कीटिंग मध्येच म्हणाला. “ती चामड्याची, जाडजूड घ्या. भारदस्त दिसते.”

चामड्याची वही म्हणजे खरी मतदारयादी. साहेब चरफडले. मोझेलनं पर्समधून स्वतःचं पेन काढलं. गोरे दुकान जाळतील, हे घरातून निघतानाच तिनं स्वतःला सांगून ठेवलं होतं. उरलेली भीती तिनं बरोबर आणली नव्हती.

“मि... मिस... मोझेल, तू पास,” साहेब म्हणाले. सही झाली. शिक्का बसला.

“कट! ‘मिसेस’ म्हणा, साहेब.”

काळ्या बाईला ‘मिसेस’ म्हणायची साहेबांच्या घराण्यात रीतच नव्हती. जिभेला ते वळण कुठून असणार?

“बाई, पुन्हा सही करा,” कीटिंग म्हणाला.

“मला नाही करता येणार. एकाच माणसानं दोनदा नाव घालणं गुन्हा आहे. साहेबांनीच ते कलम मला दुसऱ्या खेपेला वाचायला दिलं होतं.” मोझेल उठली. “डोरोथिया, बस गं इथं.”

डोरोथियाच्या वेळी साहेब “मिसि...” वर अडकले. तिसरीच्या वेळी खोकला आला. चौथीच्या वेळी “मिसेस” आलं, पण तिचं नाव विसरले. दर खेपेला नवी बाई, नवी ओळ, नवी सही. आणि आवाज नीट यायला हवा म्हणून शिक्का दणदणीत. नवव्या बाईला साहेबांनी डोळे मिटून एका दमात “मिसेस पिकन्स, तुम्ही पास!” म्हटलं. कीटिंगनं त्यांच्या हातात हात दिला, चित्रफितीचे डबे गाडीत टाकले आणि तो विमानतळाकडे सुटला.

साहेबांनी खणातून ब्लेड काढलं.

“पानाच्या वरच्या अंगाला शेरिफ आणि जज्जसाहेबांची नावं आहेत,” मोझेल म्हणाली. “पान कापलंत तर तेही जातील.”

“मग खोडतो! एकेकीची परीक्षा घेतो आणि नापास करतो. काय करशील?”

मोझेल पुन्हा खुर्चीत बसली.  

“साहेब, साठ देशांत तुम्ही आम्हाला पास केलंत. आता या एकाच देशात नापास करायचं असेल, तर वॉशिंग्टनला तसं कळवावं लागेल. मी याआधी चार पत्रं लिहिली. पुरावा काय, म्हणून विचारलं त्यांनी. या खेपेला पुरावा त्यांच्याकडेच आहे, तुमच्याच आवाजात.”

ब्लेड पुन्हा खणात गेलं. मग साहेबांनी वही मिटली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

बायका एकेक करून पायऱ्या उतरल्या. मोझेल सगळ्यांत शेवटी निघाली. ती दारात पोचली, तशी मागून खाकरण्याचा आवाज आला. साहेबांनी आधी बाहेर व्हरांड्यात कोणी आहे का ते बघून घेतलं. नंतर हळू आवाजात म्हणाले,

“पुढल्या ऑगस्टात क्लार्कची निवडणूक आहे. मागच्या वेळी मी सातच मतांनी आलो होतो. तेवढं जरा... तुमच्या मंडळींच्या कानावर घाला.”