जिथल्या तिथे

दोन्ही हातांत पिशव्या होत्या, म्हणून तिने नेहमीसारखा खांद्यानेच दाराला धक्का दिला. दार उघडलं आणि आत असा खणखणाट झाला की खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा दचकली असतील. स्टूल आडवं झालं. त्यावरची बादली घरंगळत सोफ्यापर्यंत गेली. बादलीतली ताटं, चमचे, पक्कड, एक रिकामा डबा, सगळं नव्याकोऱ्या पायपुसण्यावर पसरलं. आणि हे सगळं नेमकं तिची मोठी बहीण, ताई, पाठोपाठ आत येत असताना!

"आज तरी!" ती आतल्या थोरल्या लेकीवर कडाडली. "मावशी येणारेय म्हणून सकाळीच सांगितलं होतं ना? आज तरी दारातला पसारा आवरायचा होता गं!"

थोरली आतून धावत आली. तिचा फ्रॉक घट्ट धरून मागे धाकटी. दारात आई दिसली तसा थोरलीने मोठा सुस्कारा सोडला. आईला तोही उद्धटपणाच वाटला.

ती लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावायची. लेबल नसलेली नळी तिथे कुणी हातात धरत नाही, सरळ फेकून देतात. घरी मात्र एक मोजा पलंगाखाली आणि दुसरा देव जाणे कुठे. नवरा परगावी नोकरीला. शाळा सुटल्यापासून ती येईपर्यंत दोघी मुली घरात एकट्याच. मागच्या खेपेला ताई सोफ्यावरचे ओले टॉवेल बाजूला सारून बसली होती आणि निघताना म्हणाली होती, "तुझी नुसती ओढाताण चाललीय. दोघींना माझ्याकडेच ठेव शाळेला." ताईचं घर मोठं, मन त्याहून मोठं. नाही म्हणायला कारणच सापडेना.

तेव्हापासून तिने कंबर कसली. पैसे नव्हते, पण डोकं होतं. जुन्या चादरींचे पडदे झाले. फळवाल्याकडून मागून आणलेल्या खोक्यांचं चपलांचं कपाट झालं. शेजाऱ्यांकडे उरलेला पिवळा रंग दाराला लागला. रंगवताना दाराची आतली गंजकी कडी तिने उपटून काढली, भोकं पुट्टीने बुजवली, तेव्हा कुठे दार दार दिसायला लागलं. नवी कडी सवडीने बसवू म्हटलं, ते राहिलंच. लॅच होतंच की. जरा ढिलं होतं, खांद्याने रेटलं की उघडायचं. पण हात भरलेले असताना पर्समध्ये किल्ली शोधत बसावं लागत नाही, ही उलट सोयच झाली होती. मग बरण्यांवर लेबलं आली. मोजे. बटणं. चार्जर. नंतर बघू. आणि घराला एक नियम आला: ज्याला नाव नाही आणि जागा नाही, ते भंगारात.

नियम सगळीकडे पाळला गेला, फक्त दारात सोडून. बाकीचं घर चकाचक झालं आणि तिथे मात्र हे नवंच खूळ सुरू झालं. रोज संध्याकाळी तेच स्टूल, तीच बादली. सांगून झालं, रागावून झालं, एकदा धपाटाही घालून झाला. थोरली मुकाट मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या. नऊ वर्षांच्या मुलीला एवढंही कळू नये?

ताईने वाकून एक चमचा उचलला. तेच जास्त झोंबलं.

"बस्स झालं!" तिने पिशव्या खाली टाकल्या आणि स्टूल उचललं. "हे आत्ताच्या आत्ता भंगारात!"

थोरलीने स्टुलाचा दुसरा पाय पकडला. "नको ना आई!"

"का नको? काय नियम आहे आपला?"

"नाव आणि जागा."

"मग? ह्याला आहे जागा?"

"आहे. दारामागे."

"अस्सं! आणि नाव?"

थोरलीने एकदा मावशीकडे बघितलं, एकदा आईकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण स्टुलाचा पाय काही सुटला नाही. आईने हात टेकले. पर्समधून लॅबचं लेबल आणि पेन काढून तिच्यापुढे नाचवलं.

"घे. लिही. मावशीलाही कळू दे ह्या पसाऱ्याचं नाव!"

थोरली फरशीवर उकिडवी बसली. हाताचा आडोसा करून तिने काहीतरी लिहिलं. मग उठून दार लोटलं. स्टूल दाराला भिडवलं, त्यावर बादली ठेवली, बादलीत ताटं उभी केली, फटींतून चमचे खोचले. कुठे चाचपडणं नाही, की खाली काही पाडणं नाही. धाकटीने न सांगता पक्कड आणून दिली.

"मावशी, कुणी ढकललं ना, की हे वाजतं," धाकटी म्हणाली. "मग आम्ही बाथरूममध्ये जातो. तिथे बंद करता येतं."

थोरलीने स्टुलाच्या पायावर लेबल चिकटवलं आणि अंगठ्याने दाबून नीट बसवलं. आईने वाकून वाचलं.

'कडी.'