आधी कल्हई

पाहुण्या परीक्षकांसमोर देवस्थळी सरांनी बशीतल्या जिवंत पेशींवर तांब्याचं निळं द्रावण सोडलं. औषधाचा थेंब त्यांनी नंतर टाकला. त्यांची विद्यार्थिनी वैजयंती शेजारीच उभी होती. ती नुसती बघत राहिली.

औषध तिनं शोधलेलं. आधी दिलं तर पेशी तांब्याच्या विषातून वाचतात. मागून दिलं तर तेच औषध विषाला हात धरून आत नेतं. एवढं सगळं तिच्या वहीत होतं. पण "तांबटाच्या पोरीनं भांड्यांना कल्हई करावी, शोध कसले लावतेस?" असं हसून सरांनी शोधनिबंधातून तिचं नाव काढलं, तेव्हा ती वही वाचायची त्यांच्याकडून राहून गेली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. सगळ्या पेशी मेल्या होत्या, तळ सोडून तरंगत होत्या. तीन आठवडे तिनंच त्यांना लेकरांसारखं भरवलं होतं. डोळे भरले, पण ती हलली नाही.

"अगं, चुकलं कुठे?" सर कुजबुजले.

"कल्हई, सर," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तांब्याच्या भांड्यात ताक ओतायच्या आधी करतात. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल."