सेइगोचं गाणं

१९८२ सालच्या ऑक्टोबरात सेइगोला जाऊन वर्ष झालं आणि त्या संध्याकाळी इवाओनं माइक हातात घेतला.

आमच्या बंदरातल्या तामिएच्या बारमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक गाणं ठरलेलं असे. दुसऱ्याचं गाणं कुणी म्हणत नसे. माणूस गेला की वर्षश्राद्धाला सगळे मिळून त्याचं गाणं म्हणत, मग ते सगळ्यांचं होई. सेइगोचं होतं ‘हामानासू’. वाळूत उगवणाऱ्या रानगुलाबाचं ते गाणं तेव्हा रेडिओवर सारखं लागे. सेइगोची होडी रिकामी सापडली होती. तो सापडला नव्हता.

इवाओ बर्फाच्या कारखान्यातला सरळ माणूस. सेइगोच्या बायकोला, चियोनोला, त्यानं मागणी घातली होती. ती म्हणाली होती, “त्याचं गाणं होऊन जाऊ दे. मग हो म्हणेन.”

इवाओनं कॅसेट लावली. सूर सुरू होतो न होतो तोच तामिएनं ती यंत्रातून उपसली.

“जित्या माणसाचं गाणं माझ्याकडे चालायचं नाही.”

“जिता? अहो मालकीणबाई, ऑक्टोबरचं पाणी! मासेसुद्धा कुडकुडतात.”

“तुला लग्नाची घाई, म्हणून त्याला मारतोस होय रे?”

सगळे हसले. इवाओचे कान लाल झाले.

चियोनो पुढे सरकली. “तामिएताई, तुम्हाला खरंच वाटतं तो आहे?”

तामिए ग्लास पुसत राहिली. “मी त्याच्यासाठी कधी रडले? बघितलंस?”

“नाही.”

“मग?”

चियोनोनं तिचे ओले हात धरले. “सगळं गाव मला वेडी म्हणतं. तुम्हीच एक आहात.”

“घरी जा गं. थंडी वाढलीय.”

त्याच आठवड्यात चियोनोनं इवाओला नकार कळवला.

सोमवारी बार बंद असे. तामिए साप्पोरोला आजारी मावशीकडे जाई. चियोनो तिच्याबरोबर आपल्या हातचं मुळ्याचं लोणचं देई. डबा धुऊन परत येई. “फार आवडलं,” एवढंच तामिए सांगे.

इवाओ वसंतात कुशिरोला गेला. तिथंच त्याचा संसार झाला, नातवंडं झाली. चियोनो मासळी सुकवायच्या कामावर राबली आणि दर उन्हाळ्यात सेइगोचे रबरी बूट धुऊन उन्हात ठेवत राहिली. १९९० साली ती न्यूमोनियानं गेली. तिचं असं गाणं नव्हतंच, त्यामुळे कुणी काही म्हटलं नाही. तामिएनं त्याच वर्षी बार विकला आणि ती कायमची साप्पोरोला राहायला गेली, सेइगोकडे.