यांच्यासाठी सायकल

"गाडी घेऊन आलात?"

सायकलच्या दुकानासमोर दोन चाकं फुटपाथवर चढवून उभी केलेली ती पांढरी गाडी दिसली, तेव्हाच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती स्वतः दोन बस बदलून आली होती.

म्हातारा दारातच घुटमळला. "शेवटचीच म्हणून आणली. गुडघे ऐकत नाहीत गं."

"आणि डोळे? डॉक्टरांचा कागद वाचलाय मी. डावीकडचा निम्मा रस्ता दिसत नाही तुम्हाला."

"हळू चालवतो."

"शब्द दिला होतात. मी कोर्टात तडजोडीवर सही केली, आता तुमची पाळी. आज इथून निघायचं ते सायकलवर. गाडी इथेच राहील. उद्या गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल."

"अगं बाळ, जरा ऐक..."

"बाळ म्हणू नका मला."

तिनं राग गिळला. आज हा माणूस पुन्हा स्टिअरिंगवर बसला, तर उद्या दहा सबबी सांगेल आणि परवा सगळं विसरून जाईल, हे ती पुरतं ओळखून होती.

दुकानदाराच्या तोंडाचा पट्टा एव्हाना सुरू झाला होता. "या, या! बाबांसाठी बघताय ना, ताई?"

"यांच्यासाठीच."

"मग ही लाल बघा. बॅटरी अशी, की हवेशी गप्पा मारते!"

"हवेशी नको. यांना जमिनीवरनंच जायचंय. मधला दांडा खाली असलेली दाखवा. पाय फारसा न उचलता बसता आलं पाहिजे."

दुकानदारानं तीन सायकली पुढे ओढल्या. जी सगळ्यात स्वस्त होती, तिचा ब्रेक तिनं दाबून पाहिला. तो थेट मुठीला टेकला. "ही राहू दे." महागडीला छोटा पडदा होता आणि ती मोबाइलला जोडता येत होती. "ह्यांना मोबाइल नाही, रस्ता बघायचाय." उरली मधली. मोटर मागच्या चाकात, टायर जाड, वजन बेताचं.

"बॅटरी निघते? हे तिसऱ्या मजल्यावर राहतात. सायकल खाली राहील, बॅटरी वर न्यावी लागेल."

"निघते ना! चावी फिरवली की हातात. ताई, तुम्हाला बरंच कळतं सायकलीतलं."

"घरी एक होती," ती म्हणाली. मग खाली वाकली. "मागचा दिवा एवढासाच?"

"कंपनीचा असाच येतो. मोठा आहे, दिवसासुद्धा लखलखतो, पण त्याचे वेगळे पडतील."

"तोच लावा."

"बाबा रात्रीचे थोडेच..."

"मागून येणाऱ्याला दिसलं पाहिजे!"

आवाज इतका चढला, की मागे पंप हातात घेऊन उभा असलेला कारागीर वळून बघायला लागला. म्हाताऱ्यानं नजर फरशीवर खिळवली. दुकानदार दिवा आणायला आत गेला.

दिवा बसला. सीट दोन बोटं खाली घेतली. "काका, मागच्या गल्लीत एक चक्कर टाका," दुकानदार म्हणाला.

"गल्लीत नको. मोठ्या रस्त्यावर."

"ताई, पहिल्यांदाच बसतायत ते."

"कारखान्यात असताना सायकलनंच जायचे. त्यांनीच सांगितलंय मला."

म्हातारा निघाला. मोटरनं अलगद ढकललं तसा आधी दचकला, मग सावरला. ती फुटपाथच्या कडेला उभी होती. चौकातून एक ट्रक वळला आणि हॉर्न देत त्याला घासून गेल्यासारखा पुढे निघून गेला. सायकल डगमगली. दुकानदाराच्या तोंडून "अरे अरे!" निघून गेलं. तिनं पदर मुठीत गच्च धरला होता, पण ओठ उघडले नाहीत.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"किती जवळून जातात गं! माणूस आहे समोर, एवढंसुद्धा बघत नाहीत."

"नाही बघत."

"त्यापेक्षा मी ड्रायव्हर ठेवतो ना. गाडी त्याच्या ताब्यात. मी नुसता मागे बसेन."

"नाही."

"पावसात कसं करायचं?"

"पावसातही."

"रविवारी तरी?"

"रविवारीही. रोज. हातपाय चालतायत तोवर रोज, आणि ह्याच रस्त्यानं."

मग त्यानं खिशातून गाडीची चावी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिच्या कपाळावरची आठी तेवढ्यानं काही गेली नाही.

दुकानदार वॉरंटीचा फॉर्म भरायला बसला. सौदा पटल्यामुळे त्याची कळी खुलली होती. "काका, नशीब काढलंत बघा. माझी पोरं वर्षात एक फोन करत नाहीत, आणि तुमची लेक एका दिव्यासाठी माझ्याशी भांडते! रागावते, पण जीव केवढा आहे." त्यानं पेन उचललं. "अडीअडचणीला कुणाला कळवायचं? ताई, तुमचंच नाव घालतो. नातं, मुलगी."

"मुलगीच लिहा," ती म्हणाली. "पण यांची नाही. मागच्या वर्षी याच रस्त्यावर यांनी गाडीखाली घेतलेल्या सायकलवाल्याची."