रिकाम्या हॉलचा कूलर

"इंदूबाई, हॉलचा कूलर दुपारभर काहून चालते?" कुलदीपनं अमरावतीहून फोनवर विचारलं.

"माणसं असतात नं साहेब. उन्हाचं कोनी ना कोनी येऊन बसते."

"कामाची का बिनकामाची?"

"उन्हातून आलेल्याले तसं कसं इचारू साहेब?" अकोल्याच्या त्या सरकारी कचेरीतल्या शिपाई इंदूबाई म्हणाल्या.

जुन्या इमारतींची वीज वाचवणं हे कुलदीपचं काम. अमरावतीत कंपनीच्या पडद्यासमोर बसून कुठल्या कचेरीत काय चालू आहे ते तो बघायचा. फुकट फिरणारा पंखा दिसला की त्याचं डोकं फिरायचं.

त्यातून अकोल्यात त्याचा जीव अडकला होता. तिथल्या कचेरीचं बिल उतरलं तर तिथंच बदली देतो, असा साहेबांनी शब्द दिला होता. वडील नत्थुजी अकोल्यात एकटे राहत, कचेरीपासून दोन गल्ल्यांवर. मागच्या मे महिन्यात त्यांना ऊन लागलं होतं, मरता मरता वाचले. दुपारी गारव्यातच ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी हाती लागणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. कुलदीपनं घरी नवा कूलर घेऊन दिला आणि दुपारचा फोन कधी चुकवला नाही.

"बाबा, कूलर लावला काय?"

"मंग! गारगार हवेत बसून आहो."

मागून कूलरची घरघर ऐकू यायची. कुलदीपला हायसं वाटायचं. मग जिभेची खोड थोडीच सुटते? "पन उगाच चालू ठेवू नका. मांगच्या महिन्याचं बिल पाह्यलं नं?"

"हो रे राजा, पाह्यलं," नत्थुजी म्हणायचे.

कचेरीतलं बाकी सगळं उतरलं होतं, तो हॉल तेवढा अडून बसला होता. शेवटी कुलदीपनं मिस्त्री पाठवून तिथं यंत्र बसवलं. माणूस हलला की कूलर चालू, हालचाल थांबली की थोड्याच वेळात बंद. इंदूबाई कुरकुरल्या, तेव्हा तो म्हणाला, "माणूस असलं तं मशीनले समजते, बाई."

पहिल्याच दिवशी अकोल्यात ऊन नुसतं भाजत होतं. पडद्यावर हॉलची खूण एकदा उजळली आणि विझली. मग दुपारभर तीच ओळ: हॉल रिकामा. कुलदीप मनाशीच हसला. इतके दिवस भिंतींनाच हवा घालत होते लेकाचे!

साहेबांनी मागून येऊन आकडा पाहिला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "सोमवारपासून अकोला."

कुलदीपचे डोळे भरून आले. आता जेवायला घरी जाता येईल, बाबांना दुपारी डोळ्यांसमोर ठेवता येईल. त्यानं लगेच नत्थुजींना फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी उचलला.

"कोन?"

आवाज इंदूबाईंचा होता. नंबर चुकला की काय म्हणून त्यानं फोन कानापासून काढून पाहिला. बाबांचाच होता.

"इंदूबाई? हा फोन तुमच्याजवळ कसा?"

"कोन, साहेब? आपल्या हॉलमंदी एक बुढेबाबा रोज दुपारी येऊन बसत. घरी बिल वाढते म्हनत. आज ते टेकले अन् कूलर बंद पडला. झोपले असतीन म्हनून मी उठवलं नाही. आता हलवून पाह्यलं तं श्वासच नाही. पन साहेब, या बाबाचा नंबर तुमाले कुठून भेटला?"