ण नव्हे, न

उमेळ्यात विहिरीवर शूटिंग चालू होतं. कळशी खाली ठेवत हिरॉइन म्हणाली, "घे, पाणी पी."

"कट," दिग्दर्शक सिद्धेश म्हणाला. "पाणी नाही, पानी. आमच्या गावात असंच बोलतात."

सहाव्या टेकलाही 'पाणी'च आलं. मग तो उठला आणि बघ्यांमध्ये उभ्या असलेल्या आपल्या आईलाच हाताला धरून घेऊन आला.

"आये, तू बोलून दाखव. ही तुज्यासारखी बोलली का मंगच शॉट ओके करनार."

पदर सावरत यमुनाबाई अख्ख्या युनिटकडे बघून हसल्या. "नक्की बोलू ना? शालेच्या मीटिंगला नेलंस तवा म्हनालास, तू गप बस, पोरं हसतील."

सिद्धेशने साउंडवाल्याला माइक आणखी जवळ धरायला सांगितला.