मेंढीची कातडी

सोलमाजने कातडीवरची चरबी खरवडून काढली आणि कातडीचे तुकडे थंड पाण्यात टाकले. कत्तलखान्यातून सकाळीच आलेली, कोवळ्या मेंढीची कातडी. एरवी ही घाण ती विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारायची. या वेळी तिने कुणाला हात लावू दिला नाही.

"ओरूजसाठी?" फिरोजाने दारातूनच विचारलं. इराणातल्या तबरीझच्या या प्रयोगशाळेत दोघी एकत्रच नोकरीला लागल्या होत्या.

"हो."

"तुझ्या भावाच्या पोटात सुरा खुपसून जीव घेतला त्याने. आणि तू त्याच्यासाठी कातडी शिजवत बसलीयस?"

"शिजवली तर तिचं जिलेटिन होतं. कोलॅजन थंडच काढायचं असतं."

तुरुंगाच्या स्वयंपाकघरात गॅसचा भडका उडून ओरूजची छाती आणि पाठ होरपळली होती. जखमा भरत नव्हत्या. इस्पितळात डॉक्टर वहदतींनी हात टेकले. कोलॅजनचे, कातडीतल्या त्या चिवट प्रथिनाचे, पापुद्रे बसवले तरच त्वचा धरेल, आणि तसे पापुद्रे शहरात एकटी सोलमाज बनवायची. डॉक्टरांनी चाचरत विचारलं. ती लगेच हो म्हणाली, तेव्हा ते जास्तच बिचकले.

"खरं सांग," फिरोजा आवाज खाली आणून म्हणाली, "त्यात काही मिसळणार नाहीस ना?"

"तूच तपास की."

कातडी सौम्य आम्लात विरघळली, मिठाने तिचा साका खाली बसला, तो धुऊन, गोठवून, वाळवून पांढरेशुभ्र पापुद्रे झाले. फिरोजाने खरंच तपासले. एक यंत्रात धरून ताणला, लवकर तुटेना. एक अंगाच्या उबेच्या पाण्यात ठेवला, विरघळला नाही. जंतू नाहीत, विष नाही, आम्लाचा अंशही नाही.

"इतका सुरेख माल तू आजवर काढला नव्हतास," तिचे डोळे भरून आले. "मला माफ कर गं. मी नको ते मनात आणलं."

"चहा घे. गार होतोय."

इस्पितळात ओरूजची आई गुलनार सोलमाजच्या पायांशीच बसली. खुन्याला जीवदान द्यायचं की फाशी, हे इथल्या कायद्यात मेलेल्याच्या घरच्यांनी ठरवायचं असतं; म्हणून यापूर्वी ही म्हातारी कितीदा तरी तिच्या दारात येऊन रडली होती. सोलमाजने दार उघडलं नव्हतं.

"लेकी, माफ केलंस ना गं माझ्या पोराला?"

"खाला, त्याला पोटभर खाऊ घाला. अंगात ताकद यायला हवी."

पट्टी बदलायच्या वेळी सोलमाज हजर असायचीच. वाकून नवी गुलाबी त्वचा बघायची. एक कडा सुटली तर घरी न जाता नवा पापुद्रा घेऊन यायची. ओरूज भिंतीकडे तोंड फिरवायचा. एकदा मात्र त्याला राहवलं नाही.

"का करताय हे, सोलमाज खानम?"

"तुम्ही बरं व्हावं म्हणून."

तो लहान मुलासारखा हुंदके देत रडला. तिने त्याच्या उशीची गोळा झालेली खोळ सरळ केली.

अखेर ओरूज कुणाचा हात न धरता खाटेपासून दारापर्यंत चालला. गुलनारने बदामाच्या कुराबियांचा डबा उघडून सगळ्यांची तोंडं गोड केली. डॉक्टर वहदतींनी तुरुंगाच्या अधिकाऱ्याला सांगितलं, "ठणठणीत आहे. घेऊन जा."

सोलमाजने कुराबिया तोंडात टाकला, बोटं रुमालाला पुसली आणि अधिकाऱ्याजवळ गेली.

"म्हणजे फाशी लांबवायला आता काही कारण उरलं नाही ना, साहेब? त्याच्या पायाखालची खुर्ची मीच ओढणार आहे."